लॉजच्या जुन्या ग्रुप फोटोत नावं दरवेळी चुकतात : चूक कुठं होते आणि ती कशी शोधायची

अडचण अशी असते. वाड्याच्या माडीवर एक मोठा ग्रुप फोटो टांगलेला असतो. दोन-तीन रांगा, कोट आणि पगडीतली माणसं, मधे दोन-चार साहेब, पोटावर पांढरे चौकोनी ॲप्रन, गळ्यात पट्टे, आणि कुठंतरी ‘लॉज’ हा शब्द, म्हणजे बहुतेक फ्रीमेसन या बंधुसभेची शाखा. घरातलं म्हातारं माणूस बोट ठेवून सांगतं, “हे आपले आबा.” पुढच्या सणाला दुसरं कुणी म्हणतं, “छे, आबा ते मागचे.” तेवढ्यात सोयऱ्यांकडून तोच फोटो मोबाइलवर येतो आणि तुमच्या आबांच्या छातीवर त्यांच्या पणजोबांचं नाव लिहिलेलं असतं. नावं दुरुस्त होतात आणि वर्षभरात परत बिघडतात.

आमच्या माहेरच्या वाड्यात असाच फोटो आहे. गाव वऱ्हाडातल्या दर्यापूर-अंजनगावच्या पट्ट्यातलं, फोटो मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला. एकवीस माणसं. खुर्चीवर बसलेल्या सातांपैकी डावीकडून दुसरे म्हणजे आमचे थोरले आबा, असं मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात तेव्हा त्या तसबिरीलाही गंध-फूल वाहिलं जायचं. तीन वर्षांपूर्वी सोयऱ्यांच्या एका घरानं त्याच माणसावर हक्क सांगितला आणि लग्नाच्या मांडवात बाचाबाची झाली. तेव्हापासून मी तो फोटो मुळापासून तपासला आणि मग ओळखीच्या सात-आठ घरांतले फोटोही पाहिले. चुका जवळजवळ त्याच त्याच निघाल्या, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी, चेहऱ्यावरून सुरुवात करू नका. मिशा, पगडी आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट यांमुळे त्या काळचे निम्मे पुरुष एकमेकांचे भाऊ वाटतात. शिवाय आपल्याला जो दिसायला हवा असतो तोच दिसतो. चेहरा हा शेवटचा साक्षीदार. त्याच्या आधी पुठ्ठा, पट्टा, ॲप्रन आणि यादी यांची जबानी घ्यायची.

फोटो खरंच लॉजचा आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दोन फोटो माझ्याकडे ‘लॉजचे’ म्हणून आले आणि दोन्ही कचेरीतल्या निरोपसमारंभाचे निघाले. घोटाळा पट्ट्यानं केला होता. कचेरीतल्या चपराश्याच्या अंगावर खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा पट्टा असायचा आणि त्यावर पितळी बिल्ला. लॉजचा पट्टा तसा नसतो. तो दोन्ही खांद्यांवरून येऊन छातीवर निमुळता होतो आणि टोकाला एक धातूचं चिन्ह लोंबतं. त्याला ‘ज्वेल’ म्हणतात. एका खांद्यावरचा पट्टा पाहिला की आधी कचेरी आठवा.

दुसरा घोटाळा शब्दाचा. थिऑसॉफिकल सोसायटीच्या शाखांनाही ‘लॉज’च म्हणतात. ही संस्था १८७५ मध्ये न्यूयॉर्कला निघाली आणि पुढं मद्रासजवळच्या अड्यारला स्थिरावली. तिच्या फोटोत ॲप्रन नसतात आणि बायका असू शकतात. ॲप्रन, पट्टे, पांढरे हातमोजे आणि फक्त पुरुष असं सगळं एकत्र दिसलं तर तो बहुतेक फ्रीमेसन लोकांचा लॉज.

फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांच्या हत्यारांना खुणा मानणारी बंधुसभा. इंग्रजांबरोबर ती इकडे आली. कलकत्त्याला १७३०च्या सुमारास पहिला लॉज निघाला. हिंदी लोकांना दार बराच काळ बंदच होतं. १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज हिंदी सभासद घेण्यासाठीच काढला गेला. पुढं वकील, डॉक्टर, पारशी व्यापारी, सरकारी नोकर असे पुष्कळ लोक आत आले. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका लॉजचे सभासद झाले होते. मोतीलाल नेहरूही मेसन होते. हे मुद्दाम लिहिते, कारण दोन घरांनी ‘आमचे आजोबा काही जादूटोण्यात नव्हते’ म्हणून फोटो दाखवायलाच नकार दिला. उत्तर हिंदुस्थानात लोक लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणायचे, त्याची ही सावली असावी. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्याकडे हे फोटो खेड्यांत कसे पोचले तेही ध्यानात ठेवा. नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ची, रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, आणि कापसाच्या पैशानं जिनिंग-प्रेसिंगचे मालक, अडते आणि वकील जिल्ह्याच्या गावी राहू लागले. माणूस लॉजमध्ये जायचा शहरात. शेती, वाडा आणि फोटो राहायचा खेड्यात. म्हणून खेड्यातल्या फोटोखाली खेड्याचं नाव शोधू नका.

तसबीर उघडा, पण जपून

काचेतून मोबाइलनं काढलेल्या फोटोवर काम करू नका. तसबिरीच्या मागचे खिळे हळूच काढा. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका आणि पाणी तर मुळीच लावू नका. आपल्या पावसाळ्यात ओल धरून वरचा थर काचेला चिकटतो आणि ओढला की चेहरेच काचेवर राहतात. तसा असेल तर काचेसकटच स्कॅन करा. सुटा निघाला तर ६०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई) पूर्ण फोटो आणि १२००वर एकेक रांग. लॅमिनेशन करू नका. पाठ आणि पुठ्ठ्याच्या कडाही स्कॅन करा. कोपऱ्यात उठावाचा शिक्का, कधी पेन्सिलीतलं साल, कधी फक्त एक आकडा सापडतो.

आमच्या फोटोचं खरं नुकसान इथं झालं होतं. वीसेक वर्षांपूर्वी घरच्यांनी तो तालुक्याच्या एका स्टुडिओत ‘साफ करून’ घ्यायला दिला. त्यांनी मूळ फोटोवरून नवा मोठा प्रिंट काढला आणि चौकटीत बसावा म्हणून नावं छापलेली खालची पट्टी सोडून दिली. मूळ फोटो परत आलाच नाही. नावं राहिली ती आत्याच्या वहीत. तिनं लग्नाआधी ती पट्टी उतरवून ठेवली होती. बसलेल्या रांगेत ‘डावीकडून दुसरे’ इथं आमचं आडनाव, त्याआधी दोन आद्याक्षरं, पहिलं शाई पसरून गेलेलं, दुसरं ‘आर’, आणि पुढं ‘जे. डब्ल्यू.’ ही दोन अक्षरं कशासाठी आहेत ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

गवंडी काय म्हणाला

त्या उन्हाळ्यात पडवीची भिंत बांधायला गावातला गवंडी यायचा. साठीचा माणूस. चहाच्या वेळी मी १२०० डीपीआयचे तुकडे लॅपटॉपवर मोठे करून पाहत बसले होते. मधल्या माणसाच्या पट्ट्याला टांगलेलं चिन्ह आम्ही आजवर इंग्रजी ‘एल’ समजत होतो, लॉजचा एल. तो मागून वाकून म्हणाला, “हा त गुण्या व्हय न बाई.” मी पुढचा तुकडा लावला. “ह्याच्या गयात किल्ली हाये.” आणखी पुढं गेले, उजवीकडून दुसऱ्या खुर्चीवर. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, पिशवीतून आपला पितळी लोळक बांधलेला दोरा काढला आणि स्क्रीनसमोर सोडून धरला. “अन् हा ओयंबा. पट्टीवरचा ओयंबा. आमच्या बुढ्यापाशी असाच व्हता लाकडी.”

तिथं सगळं सुटायला सुरुवात झाली. पट्ट्याला टांगलेलं चिन्ह म्हणजे त्या माणसाचं पद. इंग्लिश पद्धतीच्या लॉजमध्ये गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचं हत्यार, हे मास्टरचं चिन्ह, म्हणजे त्या वर्षीच्या प्रमुखाचं. मास्टरच्या खालचे दोघं म्हणजे वॉर्डन : पाणसळ, म्हणजे आडवी पातळी पाहायचं हत्यार, सीनियर वॉर्डनचं; ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं, ज्युनियर वॉर्डनचा. किल्ली खजिनदाराची, एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन लेखण्या चिटणिसाच्या. पारवा दिसला तर तो डीकन, म्हणजे लॉजमधला निरोप्या. तिरप्या दोन तलवारी आतल्या पहारेकऱ्याच्या. एकच तलवार टायलरची, म्हणजे दाराबाहेर उभं राहणाऱ्याची. एका घरात हातात तलवार घेतलेल्या माणसाला ‘साहेबाचा शिपाई’ म्हणून फोटोतून कापून टाकायला निघाले होते. तो त्यांचाच चुलत पणजोबा निघाला.

दोन चिन्हांची गल्लत नेहमी होते, पाणसळ आणि ओळंबा. दोन्हींत लोंबता दोरा असतो. पाणसळ खाली रुंद असते, आडव्या पायाची. ओळंबा अरुंद, उभ्या पट्टीसारखा. फोटो बारीक असेल तर दोऱ्याकडे पाहू नका, रुंदी पाहा. मास्टरचा गुण्या आणि माजी मास्टरचा गुण्या यांतही फरक आहे. माजी मास्टरच्या गुण्याखाली एक छोटी आकृती लोंबते, शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या सिद्धांताची. स्कॉटिश लॉजमध्ये काही चिन्हं वेगळी असतात, म्हणून लॉज कोणत्या देशाच्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे वरिष्ठ संस्थेच्या, घटनेखालचा ते आधी पाहा. नावानंतर क्रमांक असतो आणि त्यापुढं ‘ई. सी.’ म्हणजे इंग्लिश, ‘एस. सी.’ म्हणजे स्कॉटिश, ‘आय. सी.’ म्हणजे आयरिश.

आता आमच्या वहीतला ‘जे. डब्ल्यू.’ कळला : ज्युनियर वॉर्डन. पण आमच्या प्रिंटमध्ये डावीकडून दुसऱ्या माणसाच्या गळ्यात किल्ली, आणि ओळंबा उजवीकडून दुसऱ्याच्या. यादी चुकली, की फोटो?

फोटो उलटा तर नाही?

ही चूक मला आठांपैकी तीन फोटोंत सापडली. काचेची निगेटिव्ह किंवा फिल्म उलटी धरून प्रिंट काढला की डावं-उजवं फिरतं. आपण घरात वर्षानुवर्षं पाहत असतो त्यामुळे शंका येत नाही. तपासणी सोपी आहे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि बटणं उजव्या पल्ल्यावर असतात. वरचा खिसा त्या माणसाच्या डाव्या छातीवर असतो. एकाच माणसाचा कोट उलटा असेल तर शिंप्याची लहर म्हणता येईल. सगळ्यांचेच उलटे असतील तर फोटो उलटा. मागं फलक किंवा झेंडा असेल तर अक्षरं पाहा.

आमच्या फोटोत आणखी एक खूण मिळाली. एका लष्करी साहेबाच्या छातीवर पदक आहे आणि त्यावर मुकुट घातलेली दोन मस्तकं शेजारी-शेजारी आहेत, राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी. १९११च्या दिल्ली दरबाराच्या पदकावर ती डावीकडे पाहतात. आमच्या प्रिंटमध्ये ती उजवीकडे पाहत होती. फोटो उलटा होता. सरळ केल्यावर डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर ओळंबा आला, आणि आत्याची वही बरोबर निघाली.

म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्यांना गंध लावत होतो ते खजिनदार आमचे नव्हतेच. सरळ केलेल्या फोटोत ते उजवीकडून दुसरे बसतात, आणि वहीत त्या जागी सोयऱ्यांचं आडनाव आणि पुढं ‘ट्रेझरर’ आहे. मी त्यांच्या घरी जाऊन फोटो दिला. त्यांची आजी बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनं पदरानं काच पुसली.

साल कसं काढायचं

लॉजमध्ये साधारणपणे दरवर्षी नवा मास्टर बसतो आणि पुष्कळदा ग्रुप फोटो त्या समारंभाला काढलेला असतो. म्हणून मास्टर ओळखला की साल हाती येतं, आणि साल हाती आलं की बाकीचे पदाधिकारी त्या सालच्या यादीतून रांगेत येऊन बसतात. घरातल्या माणसापासून सुरुवात करण्याऐवजी गुण्यावाल्यापासून करा. लॉज अजून चालू असेल तर आतल्या भिंतीवर माजी मास्टरांची नावं सालासकट रंगवलेला फलक बहुधा असतो. विनंती केली तर फोटो पाठवतात, असा माझा अनुभव आहे.

ते जमलं नाही तर कपड्यांवरून आणि पदकांवरून निदान आधीची मर्यादा ठरवा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या दोन मस्तकांचं पदक दिसलं तर फोटो १९११च्या आधीचा असूच शकत नाही. पंचम जॉर्जच्या १९३५च्या पदकावरही दोन मस्तकं आहेत, पण आपल्याला हवी आहे ती खालची मर्यादा. गळ्यात क्रॉसच्या आकाराचं आणि १९१४-१९१८ असे आकडे असलेलं पदक दिसलं तर ते लंडनच्या मेसन सभागृहाच्या वर्गणीचं. तो फोटो १९२०नंतरचा. मनगटी घड्याळ पहिल्या महायुद्धानंतर पुरुषांच्या हातावर रुळलं, त्याआधी खिशातलं घड्याळ आणि साखळी. गांधी टोपी दिसली तर १९२०च्या अलीकडे या. ‘रावसाहेब’, ‘रावबहादुर’ हा सरकारी किताब असेल तर तो मिळाल्याचं साल वेगळं शोधता येतं, पण आपल्याकडे घरोघरी लाडानं म्हणतात ते रावसाहेबही असतात. छापील यादीत नावाआधी असेल तरच किताब धरा.

‘ॲप्रन कोरा, म्हणजे हा नवशिका’ हा निष्कर्षही फसवा असतो. इंग्लिश पद्धतीत पहिल्या पायरीच्या सभासदाचा ॲप्रन अगदी पांढरा, दुसऱ्या पायरीवर खाली दोन फिकी निळी फुलं, तिसऱ्यावर तीन फुलं, निळी किनार आणि दोन झुपके. पण जुन्या काचा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार हळव्या. फिका निळा त्यांत जवळजवळ पांढरा उतरतो आणि लाल काळा पडतो. म्हणजे किनार आहे, पण दिसत नाही. रंग शोधू नका. झुपक्यांची सावली शोधा, फुलांचा उठाव शोधा. फुलांच्या जागी उलट्या ‘टी’सारखे धातूचे तुकडे असतील तर तो मास्टर किंवा माजी मास्टर. स्कॉटिश लॉजचे ॲप्रन लॉजगणिक रंगानं वेगळे आणि त्यांची वरची झडप पुष्कळदा गोल असते. याच कारणानं काळी दिसणारी पगडी प्रत्यक्षात लाल असू शकते, आणि ‘आबांची पगडी तर लाल होती’ म्हणून कुणाला यादीतून काढू नका.

नावं : खरा गुंता इथं आहे

वऱ्हाडात देशमुख आणि पाटील ही आडनावं वतनावरून आलेली. एका फोटोत तीन देशमुख असतील आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नसेल. त्यात हाका : नानासाहेब, बापूसाहेब, दादासाहेब, अण्णा. प्रत्येक घरात एक नानासाहेब असतोच. ‘नानासाहेब’ एवढ्यावर कुणाला ओळखलं असेल तर ते ओळखलंच नाही असं समजा आणि जन्मनाव मागा.

मग आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. समजा रामराव माधवराव आजोबा, तर माधवराव रामराव त्यांचा मुलगा आणि परत रामराव माधवराव नातू. पन्नास वर्षांच्या अंतरानं एकच नाव. साल ठरल्याशिवाय यातला कोण हे कळणार नाही, म्हणूनच साल आधी म्हटलं.

आद्याक्षरांतलं दुसरं अक्षर वडिलांचं. ते आणि आडनाव जुळलं की भाऊ असण्याची शक्यता तपासा. आम्ही हेच विसरलो होतो. पहिलं अक्षर पुसलेलं, दुसरं ‘आर’, आडनाव आमचं, म्हणून आम्ही थोरले आबा धरले. पण आबांना भाऊ होते.

कागद कुठं मिळतात

इंग्लंडच्या ग्रँड लॉजची १७५१ ते १९२१ची सभासद-रजिस्टरं अँसेस्ट्री या वेबसाइटवर पाहता येतात. हिंदुस्थानातले इंग्लिश लॉजही त्यांत आहेत. नाव, वय, राहण्याचं ठिकाण, व्यवसाय, प्रवेशाची तारीख असे रकाने असतात. लॉजचा क्रमांक आणि गाव यांचा मेळ जॉन लेन यांच्या ‘मेसॉनिक रेकॉर्ड्स’च्या शोधयादीत लागतो. आयरिश लॉजची रजिस्टरंही १९२३पर्यंतची त्याच वेबसाइटवर आहेत; स्कॉटिशसाठी एडिंबरोला लिहावं लागतं. २४ नोव्हेंबर १९६१ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं. त्यात गेलेल्या लॉजना नवे क्रमांक मिळाले, काही जुन्याच घटनेखाली राहिले. क्रमांक जुळत नाही म्हणून लॉज वेगळा समजू नका.

शोधताना आपलं स्पेलिंग विसरा. कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय. अमरावतीचं ‘ऊमरावती’, अचलपूरचं ‘एलिचपूर’, वाशीमचं ‘बासिम’, यवतमाळ जिल्हा १९०५पर्यंत ‘वून’, म्हणजे वणी. देशमुखाचा ‘देशमूक’ झालेला मी पाहिला. आणि हे विशेष लक्षात ठेवा : आपले लोक तेव्हा सही करताना नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लिहायचे. इंग्रज कारकून शेवटचा शब्द आडनाव धरायचा. आडनावाखाली माणूस सापडला नाही तर त्याच्या वडिलांच्या नावाखाली शोधा. मला दोन माणसं अशीच सापडली.

इकडचे कागद त्याहून मोलाचे आहेत. गावचं कोतवाल बुक, त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते, आणि जात पडताळणीसाठी कुणीतरी ती आधीच काढलेली असते. घरातली प्लास्टिकची फाइल आधी पाहा, मग तहसीलला जा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाची नावं मिळतात, आणि मूल नसलेल्या भावांचीही, जी घरात कुणाला आठवत नाहीत.

कोतवाल बुकाच्या नकलेत थोरले आबा वारल्याची नोंद दिल्ली दरबाराच्या तीन वर्षं आधीची निघाली. फोटोत ते असणं शक्यच नव्हतं. नाशिकच्या वहीत तीन भाऊ होते. मधले पोरवयातच गेलेले. धाकटे वकील, जिल्ह्याच्या गावी राहिलेले, मूल नाही. लॉजच्या रजिस्टरात त्यांचं नाव वडिलांच्या नावाखाली मिळालं, व्यवसाय वकील, वय आणि गाव जुळणारं.

आता चेहरा

इतकं झाल्यावर चेहऱ्याकडे या. वय वाढलं की केस, गाल, भुवया बदलतात; कानाची बाहेरची कड आणि आतली वळणं फारशी बदलत नाहीत. पाळी मात्र म्हातारपणी लांबते, ती धरू नका. दोन्ही फोटो एकाच कोनातले हवेत. आमच्याकडे धाकट्या काकांचा, म्हणजे आबांच्या या वकील भावाचा, दुसरा एकच फोटो होता, एका मुंजीतला, कडेला उभे. उजव्या कानाच्या वरच्या कडेला तीच छोटी खाच दोन्हीकडे आहे. उलटा प्रिंट तसाच ठेवला असता तर ती डाव्या कानावर गेली असती आणि आम्ही ‘जुळत नाही’ म्हणून सोडून दिलं असतं.

चेहरे ‘सुधारून’ किंवा रंगवून देणाऱ्या ॲपमधून काढलेला फोटो पुरावा म्हणून वापरू नका, अशी कळकळीची विनंती. जिथं फोटोत फक्त ठिपके आहेत तिथं ते ॲप स्वतःच्या मनानं डोळे आणि ओठ घालतं. एका घरात अशा रंगवलेल्या फोटोवरून आजोबांचे डोळे घारे ठरले, आणि आता नातवंडं तेच सांगतात. मूळ स्कॅन वेगळा ठेवा, त्याला हात लावू नका.

लिहून कसं ठेवायचं

प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची फक्त रेघ ओढा आणि आत आकडा घाला. नावं वेगळ्या कागदावर, आकड्यांपुढं. ‘डावीकडून’ लिहायचं असेल तर ‘पाहणाऱ्याच्या डावीकडून’ असं पूर्ण लिहा. प्रत्येक नावापुढं कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कशावरून सांगितलं. आत्याच्या वहीवरून असेल तर तसं. कानावरून असेल तर तसं. मूळ फोटोवर बॉलपेन नको. पाठीमागं कडेला मऊ पेन्सिल. ठाम नसेल तिथं ‘बहुधा’ लिहा आणि कळलं नाही तिथं ‘अनोळखी’ लिहा. रिकामी जागा ठेवली की पुढच्या सणाला कुणीतरी ती भरतं, आणि तिथूनच सगळं परत बिघडतं.

मागं उभे असलेले, ॲप्रन नसलेले, हातात पाण्याचा तांब्या किंवा पंखा असलेले लोक यांनाही आकडे द्या. छापील यादीत ते नसतात. आमच्या फोटोत असे दोघं आहेत, विसावा आणि एकविसावा. एकविसाव्याचं नाव गवंड्याच्या आईला माहीत निघालं. तिचा आजा शहरात वकिलाच्या घरी पाणी भरायचा आणि त्याच्या पायाचा अंगठा वाकडा होता. फोटोत तो अनवाणी उभा आहे आणि अंगठा दिसतो. कागदावर त्याच्यापुढं ‘बहुधा’ लिहिलं आहे, आणि सांगणारी म्हणून तिचं नाव.

या वर्षी अक्षय तृतीयेला भावानं एक घागर जास्त भरली, धाकट्या काकांच्या नावानं. विसावा माणूस अजून ‘अनोळखी’ आहे.